एका युरोचे किती रुपये? भारत आणि जर्मनी यांतील राहणीखर्चाची तुलना

आजचा विषय ठरल्यापासून आम्हाला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातोय. "मुलीला जर्मनीत महिना तीन हजार युरो देतायत, म्हणजे आपले किती झाले हो?" विचारणाऱ्यांनी उत्तर बहुतेक वेळा आधीच काढलेले असते. युरो २०२५ मध्ये शंभर रुपयांच्या आसपास होता, तेव्हा तीन हजार गुणिले शंभर, तीन लाख. मग फक्त आमच्याकडून होकार हवा असतो. हा गुणाकार कुठे बरोबर आहे आणि कुठे तो माणसाला खड्ड्यात घालतो, हे आज आपण बघू.

उदाहरण म्हणून अमेरिका न घेता जर्मनी का घेतली, तेही सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण-तरुणी, असे तेव्हा सांगितले गेले. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक असे लोक. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट. १९६८ पासून ते मुंबईचे भगिनी-शहर आहे. त्यामुळे आता हा प्रश्न फक्त आयटीवाल्यांचा राहिलेला नाही. लातूरला, नगरला, चंद्रपूरला जर्मन भाषेचे वर्ग शोधणारी घरे आहेत, आणि त्यातली काही कर्ज काढून, क्वचित जमिनीचा तुकडा विकून हा निर्णय घेतायत. अशा वेळी गुणाकार चुकला तर तो वहीत चुकत नाही, घरात चुकतो.

आता मुळापासून सुरू करू. विनिमय दर म्हणजे काय? एक चलन देऊन दुसरे घेण्याचा बाजारभाव. हा भाव कोण ठरवतं? जे काही सरहद्द ओलांडतं ते: यंत्रे, औषधे, सॉफ्टवेअरची कामे, शेअर बाजारात येणारा-जाणारा पैसा, व्याजदर, आणि रिझर्व्ह बँकेचा अधूनमधून हस्तक्षेप. पण तुमच्या-आमच्या महिन्याच्या खर्चातल्या किती गोष्टी सरहद्द ओलांडतात? घरभाडे ओलांडत नाही. केस कापणे, पोळ्या लाटणाऱ्या काकू, रिक्षा, शिकवणी, दवाखाना, काहीच नाही. म्हणजे ज्या दराने आपण गुणतो, तो ठरताना यातले काही हिशेबात धरलेलेच नसते.

थोडे भाव समोर ठेवू या. आकडे ठोकळ आहेत, २०२५ चे आहेत, दुकानागणिक बदलतील. दूध पुण्यात लिटरला साठ रुपये धरू, श्टुटगार्टमध्ये एक युरो वीस सेंट, म्हणजे १२० रुपये. दुप्पट. लॅपटॉप किंवा फोन घ्या, जवळपास तीच किंमत. काही मॉडेल्स तिकडे उलट स्वस्तच पडतात. आता पुरुषाचे केस कापणे. पुण्यात साध्या सलूनमध्ये दीडशे रुपये, तिथे पंचवीस युरो, म्हणजे अडीच हजार. सोळा-सतरा पट! आणि घरकाम? जर्मनीत २०२५ मध्ये कायद्याने ठरलेले किमान वेतन तासाला १२.८२ युरो होते. सहसा त्याखाली कोणाला कामावर ठेवता येत नाही. म्हणजे जवळजवळ तेराशे रुपये तास. पुण्यात अनेक घरांमध्ये भांड्यांच्या मावशींना महिन्याचे हजार-बाराशे देतात. तिथला एक तास आणि इथला एक महिना! यात जर्मनी महाग आहे असे म्हणायचे, की मावशींचे श्रम इथे फार स्वस्तात घेतले जातात असे म्हणायचे? आम्हाला दुसरे अधिक खरे वाटते, पण तो आजचा विषय नाही.

असं का होतं? श्टुटगार्टचा न्हावी आपल्या न्हाव्याच्या सतरा पट वेगाने कात्री चालवतो का? नाही ना! आपलाच कदाचित जास्त वेगवान असेल, वर तेलमालीशही करून देतो. याचे उत्तर १९६४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडले, बेला बलाशा आणि पॉल सॅम्युएलसन. श्टुटगार्टच्या आसपास मर्सिडीज, पोर्शे, बॉश अशा कंपन्या आहेत. तिथला कामगार आधुनिक यंत्रांच्या मदतीने तासाला खूप मोठ्या किमतीचे उत्पादन करतो, म्हणून त्याला मोठा पगार परवडतो. आता त्याच गावात सलून चालवायचे तर तिथे काम करायला माणूस मिळायला हवा. त्याला कारखान्याच्या पगाराच्या जरा तरी जवळचे काही दिले नाही, तर तो कात्री ठेवून कारखान्यात जाईल. म्हणून केस कापणे महागते. न्हाव्याचा पगार त्याच्या कात्रीवर कमी आणि शेजारच्या कारखान्यावर जास्त अवलंबून असतो. तुम्ही म्हणाल, मर्सिडीजचा कारखाना चाकणलाही आहे की! आहे. पण चाकणच्या भोवती शेकडो मैल पसरलेले शेतीतले आणि हातावर पोट असलेले श्रम आहेत, ते मजुरी खाली ओढतात. एका कारखान्याने अख्ख्या देशाचा मजुरीदर ठरत नाही.

मग खरी तुलना कशी करायची? स्वीडनचे गुस्ताव कॅसल यांनी १९१८ मध्ये एक शब्द रूढ केला. मराठीत आपण त्याला क्रयशक्ती समता म्हणतो. कल्पना साधी आहे. वाण्याची एकच यादी घ्या. ती पुण्यात भरायला किती रुपये लागतात आणि श्टुटगार्टला किती युरो, ते बघा. रुपयांना युरोंनी भागा. जो आकडा येतो, तो जगण्याच्या दृष्टीने युरोचा भाव.

साधी वाटते, पण इथेच गंमत आहे. यादी कोणाची घ्यायची? दोनच वस्तूंचे उदाहरण करून बघू, कागद-पेन्सिल घ्या हवं तर. पुण्याचे कुटुंब महिन्याला तीस लिटर दूध घेते आणि घरातले चार जण केस कापतात. दुधाचे अठराशे, केसांचे सहाशे, एकूण २४०० रुपये. हीच यादी श्टुटगार्टला भरली तर दुधाचे ३६ युरो, केसांचे १००, एकूण १३६. चोवीसशेला एकशे छत्तीसने भागले की एक युरो म्हणजे साडेसतरा रुपये. आता श्टुटगार्टच्या कुटुंबाची यादी घ्या. तिथे केस कापणे महाग म्हणून ते घरीच मशीन फिरवतात. महिन्यात एकच जण सलूनमध्ये जातो. दूध तेवढेच. त्यांचा खर्च ३६ अधिक २५, एकूण ६१ युरो. तीच यादी पुण्यात १९५० रुपयांना पडेल. भागाकार केला की युरो बत्तीस रुपयांचा! भाव तेच, गावे तीच, फक्त यादी बदलली आणि उत्तर साडेसतराचे बत्तीस झाले. कारण माणूस जिथे राहतो तिथले स्वस्त ते जास्त घेतो आणि महाग ते टाळतो. दोन्ही उत्तरांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायची एक रीत आहे. ती लावली तर आपल्या उदाहरणात पावणेचोवीस रुपये येतात. पण मध्यम मार्ग काढला म्हणून प्रश्न सुटला असे नाही. जर्मनीत जाऊन जो पुण्याचीच यादी भरत बसेल, म्हणजे रोज ताजी कोथिंबीर, ओला नारळ, हापूस आणि कामाला बाई, त्याला जर्मनी भयंकर महाग वाटणार. पाव, बटाटे, चीज आणि सायकल यांवर जो रुळेल, त्याला तेवढी वाटणार नाही. उलट बाजूनेही तसेच. पुण्यात राहणारा जर्मन माणूस चांगले चीज आणि त्याच्या पद्धतीचा काळा पाव शोधायला लागला की त्याला आपले शहर स्वस्त वाटत नाही.

जगभर असे भाव गोळा करण्याचे काम खरोखर चालते. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी मिळून ते सुरू केले. क्रॅव्हिस, हेस्टन आणि समर्स ही त्यातली मोठी नावे. पहिल्या फेरीतल्या दहा देशांत भारतही होता आणि तेव्हाचा पश्चिम जर्मनीही. आता जागतिक बँकेच्या देखरेखीखाली हे काम होते. २०१७ च्या फेरीत भारताचा आकडा आला एका डॉलरला २०.६५ रुपये. त्या वर्षीचा बाजारातला डॉलर होता ६५.१२ रुपयांचा. म्हणजे तिपटीहून जास्त फरक. जर्मनीसाठी तो आकडा साधारण ०.७४ युरो होता. वीस-पासष्टला शून्य-चौऱ्याहत्तरने भागा, एक युरो बरोबर सुमारे २८ रुपये. बाजारात तेव्हा युरो त्र्याहत्तरच्या आसपास होता. अर्थात ही सबंध अर्थव्यवस्थेची सरासरी आहे, त्यात रस्ते, पूल, सरकारी खर्च सगळे येते. एकट्या घरखर्चाचा आकडा थोडा वेगळा निघतो.

जाता जाता बर्गरबद्दल बोलू, नाहीतर कोणीतरी विचारेलच. 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिक १९८६ पासून बिग मॅकच्या किमतीवरून ही तुलना करते, अर्धे गमतीने. भारतात गोमांसाचा बर्गर नाही म्हणून ते इथे चिकनचा महाराजा मॅक धरतात. आता सांगा, तिकडे बिग मॅक हे घाईच्या जेवणाचे साधे खाणे आणि इकडे महाराजा मॅक म्हणजे मॉलमधली चैन. वडापावशी तुलना केली असती तर? (हशा) यादी कोणाची, हाच प्रश्न पुन्हा येतो.

आता त्या तीन हजार युरोंकडे येऊ. पहिली गोष्ट, ते हातात येत नाहीत. जर्मनीत करारात लिहिलेला पगार आणि खात्यात पडणारा पगार यांत मोठे अंतर असते. निवृत्तिवेतनासाठी ९.३ टक्के, आरोग्यविम्याचे साडेआठच्या आसपास, बेकारी विम्याचे १.३, वृद्धापकाळातल्या शुश्रूषेच्या विम्याचे १.८ आणि मूल नसेल तर आणखी ०.६ टक्के, शिवाय प्राप्तिकर. एकट्या माणसाला तीन हजारांतले साधारण दोन हजार सत्तर-ऐंशी हातात पडतात.

दुसरी गोष्ट, घर. तिथे भाडे दोन प्रकारे सांगतात, 'थंड' आणि 'उबदार'. थंड भाडे म्हणजे नुसत्या भिंतींचे. त्यात हीटिंग, पाणी, कचरा हे मिळवले की उबदार भाडे होते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते ते बहुधा थंड. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढी, ती आधी भरावी लागते. आणि बऱ्याच घरांत स्वयंपाकघर म्हणजे फक्त रिकामी खोली असते. ओटा, सिंक, कपाटे आधीच्या भाडेकरूने उचलून नेलेली. शिवाय प्रत्येक घराला, टीव्ही असो नसो, सार्वजनिक प्रसारणासाठी महिना १८.३६ युरो द्यावेच लागतात. हे खर्च इथून निघताना कोणाच्या यादीत नसतात.

समजा, आपली परिचारिका सामायिक घरातल्या एका खोलीत राहते. खोलीचे ५५० ते ६०० युरो, जेवणाखाण्याचे अडीचशे, देशभर लोकल गाड्या-बस चालणारे मासिक तिकीट २०२५ मध्ये ५८ युरोंचे, फोन, कपडे, थोडे बाहेर जाणे, वर्षाच्या एका भारतवारीची महिन्याला तोडलेली रक्कम, असे सगळे मिळून १०७५ युरो धरू. हजार उरले.

आता इथे थांबा. तिने जे १०७५ खर्च केले, ते शंभरने गुणून "महिना लाख रुपये उडवते" म्हणणे चूक आहे. २०१७ च्या २८ रुपयांच्या हिशेबाने ती पुण्यात तीस हजारांत जगणाऱ्या माणसासारखी जगते आहे. एक खोली, सामायिक स्वयंपाकघर, स्वतः धुतलेली भांडी. पण जे हजार उरले आणि तिने घरी पाठवले, ते मात्र बाजारभावानेच येतात, पुरे एक लाख. त्यांना २८ ने गुणायचे कारणच नाही, कारण ते इथे खर्च होणार आहेत. म्हणजे एकाच पगाराला दोन भाव लागतात. खर्चाला एक आणि बचतीला दुसरा. इथल्या खासगी रुग्णालयात पंचवीस हजार मिळवणारी तिची मैत्रीण महिन्याकाठी पाच हजार मागे टाकत असेल तर नशीब. राहणीमानातला फरक जेमतेम, बचतीतला वीस पट. परदेशी जाण्यातला आर्थिक फायदा असलाच तर तो इथे आहे. कोकणातल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही. रत्नागिरीतून आखातात गेलेली माणसे चाळीस वर्षे हेच करत आली: एका खोलीत सहा जण, आणि गावात घर.

मात्र हा फायदा टिकतो तो माणूस तिथे एकटा आणि काटकसरीत, आणि कुटुंब इथे असेपर्यंत. नवरा आणि दोन मुले तिकडे गेली की चित्र पालटते. एकच कमावणारी असेल तर कर कमी कापतात, अडीचशे युरो जास्त हातात येतात. मुलांमागे सरकार २०२५ मध्ये दरमहा २५५ युरो देत होते, दोघांचे ५१०. पण तीन खोल्यांचे घर उबदार भाड्याने चौदाशेच्या घरात जाते, किराणा सहाशे-सातशे, बाकीचे खर्च धरून महिन्याअखेरीस दोन-तीनशे उरले तरी पुष्कळ. घरी पाठवायला काही नाही.

म्हणून ते कुटुंब तोट्यात गेले का? इथे पगारपत्रकात दिसणाऱ्या त्या कपातीकडे पुन्हा बघा. तिच्या आरोग्यविम्यात न कमावणारा नवरा आणि दोन्ही मुले जास्तीचा एक पैसा न भरता येतात. सरकारी शाळेला फी नाही, आणि तिथे बहुतेकांची मुले त्याच शाळेत जातात. पुण्यातले तेच कुटुंब इंग्रजी शाळेची फी, रिक्षाकाका, शिकवणी, मेडिक्लेमचा हप्ता आणि वर सासऱ्यांच्या बायपासचे अचानक आलेले चार लाख हे सगळे स्वतःच्या खिशातून भरते. आपण इथल्या कराला कमी म्हणतो आणि हे वेगळे मोजतो. 'जर्मनीत चाळीस टक्के कापतात' असे ऐकले की विचारायचे, कापून देतात काय?

विद्यार्थ्यांचे थोडक्यात सांगतो. व्हिसासाठी एका वर्षाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. घरात हे 'जर्मनीची फी बारा लाख' म्हणून सांगितले जाते. ती फी नाही. तो तुमचाच पैसा, महिन्याला ९९२ युरोंप्रमाणे तुम्हालाच परत मिळतो. हा आकडा जर्मन सरकारने तिथल्या गरजू विद्यार्थ्यांच्या कमाल मदतीवरून घेतला आहे आणि त्यात राहण्यासाठी धरलेत ३८० युरो. श्टुटगार्ट किंवा म्युनिकला त्यात खोली मिळणे कठीण. लाइपझिग, केमनिट्झकडे मिळू शकते. म्हणजे 'जर्मनीतला खर्च' असे काही एक नसतेच, जसा पुण्याचा आणि गडचिरोलीचा एक नसतो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. पण नेमके बाडेन-व्युर्टेमबर्ग २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेते, हे लक्षात ठेवा.

आणि ज्यांना 'शिका आणि कमवा' म्हणून नेतात, त्या आउसबिल्डुंगवाल्या मुलांसाठी: २०२५ मध्ये सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी कायद्याने किमान मिळतात ते ६८२ युरो, तेही कपातीआधी. नर्सिंगमध्ये बरेच जास्त मिळतात, तेराशेच्या आसपासही. ६८२ ला शंभरने गुणून "अडुसष्ट हजार स्टायपेंड" असा मेसेज फिरतो. वर आपण विद्यार्थ्याचा खर्च सरकारनेच ९९२ धरला हे पाहिले. उरलेले तीनशे कोण देणार, हे मेसेज पाठवणाऱ्याला विचारा. कर्जाचा हप्ता त्यातून भरू, असा बेत तर मुळीच करू नका.

आता प्रश्न घेऊ.

एका ताईंनी विचारलंय की इंटरनेटवर शहरांची तुलना करणारी जी संकेतस्थळे आहेत, न्यूयॉर्क शंभर धरून आकडे देणारी, ती बघावीत का? बघा, पण भाव कोण भरतं ते लक्षात ठेवून. बरेचदा इंग्रजी वापरणारी, चांगल्या वस्तीत राहणारी माणसे भरतात. मोठ्या कंपन्यांसाठी होणारी सर्वेक्षणे तर परदेशी पाठवलेल्या साहेबांच्या राहणीवर बेतलेली असतात. त्यापेक्षा ज्या गावी जायचे तिथल्या खोल्यांच्या जाहिराती आणि सुपरमार्केटची आठवड्याची पत्रके बघा. दोन्ही घरबसल्या बघता येतात.

दुसरा प्रश्न, भारत क्रयशक्तीने जगातली तिसरी मोठी अर्थव्यवस्था, याचा अर्थ काय? आतल्या आत किती जेवण, किती कपडे, किती सेवा तयार होतात, याचा तो अंदाज. कच्चे तेल घ्यायला मात्र वीस रुपयांचा डॉलर चालत नाही.

शेवटचा प्रश्न एका काकांचा आहे: मुलगा म्हणतो वीस वर्षे तिकडे राहून परत येईन, तर हिशेब कसा करायचा? २००५ मध्ये युरो पंचावन्न रुपयांच्या आसपास होता, २०१५ मध्ये एकाहत्तर, २०२५ मध्ये शंभर. युरोत साठवणाऱ्याला हे फावते. पण त्याच काळात पुण्यातला फ्लॅट, शाळा आणि दवाखाने किती चढले तेही शेजारी मांडा, बरीचशी वाढ तिथेच जिरलेली दिसेल. निवृत्तिवेतनाचे म्हणाल तर भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे, दोन्हीकडची वर्षे पात्रतेसाठी एकत्र धरता येतात. तेव्हा तो जी ९.३ टक्के कपात बुडाली म्हणून रडतो, ती बुडालेली नाही. त्याला दरवर्षी निवृत्तिवेतन खात्याकडून येणारी पत्रे जपून ठेवायला सांगा, आणि इथल्या भविष्यनिर्वाह निधीचा जुना क्रमांकसुद्धा.